फोन नाही म्हणणाऱ्यांची मोजणी

नववं दुकान झालं आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. काकू मागे वळल्या, खांद्यावरची पिशवी पुढे ओढली आणि आतून चपलांचा एक जोड काढून माझ्या पायाशी टाकला.

"घाला. एक नंबर मोठ्या आहेत, फटफट वाजतील. पण ते बरंच असतं. दुकानदाराला आधीच कळतं, कोणीतरी येतंय."

"तुम्ही जादा जोड घेऊन फिरता?"

"मॅडम, बाकीचे लोक कामावर जातात. मी फिरते." एवढं म्हणून त्या पुढे निघाल्यासुद्धा.

"मला मॅडम नका ना म्हणू."

"मग काय, साहेब म्हणू?" दहा पावलं गेल्यावर त्याच म्हणाल्या, "बरं, ताई. तुम्ही मला काकू म्हणता, मी तुम्हाला ताई. नातं काही जुळत नाही, पण चालतंय. फॉर्मवर नात्याचा रकाना नाही."

आम्ही सकाळी नऊला निघालो होतो. एकूण तेवीस दुकानं करायची होती आणि त्या तेवीस दुकानांवर काकूंची अब्रू टांगलेली होती. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, पण त्याबद्दल बोलायचं नाही असं जणू दोघींनी ठरवून टाकलं होतं.

झालं होतं ते असं. आमच्या कार्यालयाने त्या वर्षी छोट्या धंद्यांची एक पाहणी हाती घेतली होती. कारागीर, दुकानदार, एकट्याने धंदा करणारे लोक कामासाठी फोन, इंटरनेट, संदेश यांचा वापर कसा करतात, ते घरोघर नव्हे, दुकानोदुकानी जाऊन विचारायचं. काकूंसारख्या दहा-बारा जणी फॉर्म भरून आणत आणि मी त्यांची छाननी करत असे. माझं काम खुर्चीतलं. भरलेले फॉर्म खरे आहेत का हे पाहायला आमच्याकडे एक सोपी पद्धत होती. फॉर्मवरच्या नंबरवर फोन लावायचा आणि विचारायचं, "आमच्या बाई येऊन गेल्या का?" हो म्हणाले की फॉर्म पास.

काकूंच्या तेवीस फॉर्मांवर नंबराच्या जागी आडवी रेघ होती. इतर बायकांच्या गठ्ठ्यात अशा रेघा एक नाहीतर दोन. साहेबांनी गठ्ठा टेबलावर आपटला. "आजच्या काळात तेवीस धंदेवाले बिनफोनचे? बाई घरी पंख्याखाली बसून फॉर्म भरतात."

मी मान हलवली. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं. दोन दिवसांनी घरी ताटं विसळताना माझा हात थांबला. ज्याच्याकडे फोन नाही तो माणूस खरा की खोटा, हे आम्ही फोन करून बघत होतो! एवढी शिकली-सवरलेली माणसं खोलीत बसलेली, आणि हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तुम्हीच जा पायी."

नियम कडक होता. प्रत्येक दुकानात मी तीन प्रश्न विचारायचे आणि तीन चौकटींपैकी एकीत खूण करायची: खरा, खोटा, सापडले नाही. तेविसांत एक जरी खोटा निघाला तरी अख्खा गठ्ठा रद्द आणि काकूंचं नाव यादीतून कायमचं बाहेर. काकू एका खोलीत एकट्या राहायच्या आणि त्यांचं सगळं या पाहण्यांवर चालायचं. कधी नळ मोजायचे, कधी शाळेत न जाणारी मुलं, एकदा तर चौकात बसून महिनाभर बसगाड्या. सकाळी घरातून निघताना मी देवापुढे हात जोडले तेव्हा मनात एवढंच होतं, की माझ्या हातून कोणाचं वाईट होऊ नये आणि कोणाचं खोटं झाकलंही जाऊ नये. दोन्ही एकदम मागितलं.

खरं तर काकूंनी माझ्यासोबत येणं नियमात बसत नव्हतं. पण त्यांनी लिहिलेले पत्ते असे होते: "जिन्याखाली, पिवळ्या बादलीच्या डावीकडे." ते शोधायला त्यांच्याशिवाय कोण येणार? त्यांनीच तोड काढली. दुकान लांबून दाखवायचं आणि आपण रस्त्यापलीकडे उभं राहायचं. "मी आत आले तर ते माझ्या तोंडाकडे बघून उत्तरं देतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकट्याच जा. माझ्याबद्दल काय म्हणतात तेही ऐका. मला नका सांगू."

दहावं दुकान चावीवाल्याचं. दुकान म्हणजे जिन्याखाली एक टेबल आणि टेबलाला जखडलेलं कानस मारायचं यंत्र. नियम होता की रस्त्यावरचं दर पाचवं दुकान घ्यायचं. इतर बायका शटर मोजायच्या. काकू टेबलंही मोजायच्या, खिडक्याही. "शटर नसलं म्हणून काय झालं? गिऱ्हाईक येऊन थांबतं ना? मग ते दार," असं त्यांचं गणित. आणि म्हणूनच त्यांच्या गठ्ठ्यात असे लोक आले होते, जे बाकी कोणाच्याच गठ्ठ्यात नव्हते.

मी चावीवाल्याला विचारलं, "धंद्यासाठी फोन आहे का?"

"नाही."

"वापरत नाही?"

"नाही हो. मला त्यातलं काही कळत नाही."

एवढ्यात वरून दोरीला बांधलेली एक टोपली डुलत डुलत खाली आली आणि बरोबर त्याच्या नाकासमोर थांबली. त्यात चिठ्ठी होती. त्याने वाचली, वर बघून ओरडला, "कुलूप दाराचं की कपाटाचं ते विचार!" वरच्या गॅलरीतून एका बाईचा आवाज आला, "कपाटाचं! आणि आज जेवायला वेळेवर वर या!" टोपली परत वर गेली.

"हे काय?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक बायकोला फोन करतं. ती लिहून खाली सोडते."

"म्हणजे फोन आहे की!"

"तिचा आहे. माझा नाही." माझ्या अज्ञानाची त्याला दया आली असावी. "त्या आधी आलेल्या बाईंनी पण असंच विचारलं होतं. पण त्यांनी झाकण लावल्यावर विचारलं."

"कसलं झाकण?"

"पेनाचं."

बाहेर येऊन मी काकूंना झाकणाबद्दल विचारलं. त्या हसल्या. पेन उघडं असेपर्यंत माणूस सरकारला उत्तर देतो, असं त्यांचं म्हणणं. फॉर्म संपला, पेनाला झाकण लावलं, फॉर्म अडकवायची पाटी काखेत मारली, की तोच माणूस शेजाऱ्याशी बोलल्यासारखा बोलतो. मग त्या उठता उठता विचारायच्या, "अजून काही?" आणि त्यानंतर जे येई ते बाहेर पायरीवर बसून फॉर्मच्या समासात बारीक अक्षरात लिहायच्या. छाननीत त्या समासातल्या ओळी आम्ही वाचतच नव्हतो. त्यांना रकाना नव्हता.

"फॉर्ममध्ये चौथा प्रश्न बघा," चालता चालता काकू म्हणाल्या. "'आपण कोणकोणत्या दूरसंचार सेवा वापरता?' पहिल्याच दिवशी एका गादीवाल्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, 'सेवा देवाची करतो बाई, इथे धंदा करतो.' मी म्हटलं, चुकलं. दुसऱ्या दिवसापासून शब्द बदलला. गिऱ्हाईक तुम्हाला निरोप कसा पाठवतं? हे सगळ्यांना कळतं."

"छान की."

"काय छान! नीट ऐका. मोघम विचारलं की लोक मोघम सांगतात. म्हणून मी ठरवलं, एकच निरोप विचारायचा, सगळ्यात अलीकडचा. तो कुठून आला, कोणाच्या फोनवर आला, तुमच्यापर्यंत कोणी आणला. तर मी त्या घड्याळवाल्या आजोबांकडे गेले आणि विचारलं, 'आजोबा, तुम्हाला शेवटचा निरोप कधी आला?'"

मी रस्त्यातच थांबले.

"हां! आजोबांनी डोळ्याचं भिंग काढलं. म्हणाले, 'कार्टे, मी अजून धडधाकट आहे!' आतून त्यांची सून लाटणं घेऊन बाहेर. मी पाया पडले, माफी मागितली. तेव्हापासून 'ताजा निरोप' म्हणते. ताज्याला कोणी घाबरत नाही."

मला हसताना पोटात कळ आली. काकू मात्र गंभीरपणे चालत राहिल्या; बोटांनी दुकानं मोजायची त्यांची सवय आता गरज नसतानाही चालूच होती. एक, दोन, तीन, चार, मूठ.

चौदावं दुकान रबरी शिक्के करणाऱ्याचं होतं. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. मी कागदावर लिहून विचारलं, फोन आहे का. त्याने मोठ्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, "कशाला?" मग मलाच हाताने खुणावून माझा फोन मागितला, त्यावर टाईप करायची खूण केली आणि स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. गिऱ्हाइकं आपापल्या फोनवर मजकूर लिहून त्याच्यासमोर धरतात, तो तिथूनच अक्षरं जुळवतो. म्हणजे दिवसाला वीस फोन वापरतो आणि त्यातला एकही त्याचा नाही. हे आमच्या कुठल्या रकान्यात बसवायचं? मी समासात लिहिलं. लिहिताना मला माझीच लाज वाटली. गेली सहा वर्षं मी समास न वाचता शिक्के मारत होते.

दुपारी आम्ही एका बंद गोदामाच्या पायऱ्यांवर डबे उघडले. काकू जेवायच्या आधी क्षणभर डोळे मिटतात, मीही मिटते. ते दोघींच्या एकदमच लक्षात आलं आणि मग जरा मोकळेपणाने बोलणं झालं. त्यांचे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे. घरात सगळीकडे तारा. "आवाज येतो पण माणूस दिसत नाही, त्याचंच ह्यांना वेड," काकू म्हणाल्या. अकरा वर्षांपूर्वी ते अचानक गेले. मूल-बाळ नाही. शेजारच्या बाई मोजणीच्या कामावर जात होत्या, त्यांच्याबरोबर काकू गेल्या. पहिल्या दिवशी एकाही दारात तोंडातून शब्द फुटेना. "मग वाटलं, मी कुठे माझं काही मागतेय? त्यांचंच त्यांना विचारतेय."

"सासरचं कोणी नाही?"

"डबा झाला तुमचा? चला." काकूंनी झाकण लावलं.

पाच वाजता बावीस झाले. बावीसच्या बावीस खरे. प्रत्येक ठिकाणी "हो, त्या बाई आल्या होत्या", वर एखाद्याने "आमच्या आईची तब्येत विचारायला परत येणार होत्या, आल्या नाहीत" अशी तक्रारही केली. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानून मोकळी झाले होते. तेविसावं दुकान लोकर आणि बटणांचं. या वेळी काकू समोर थांबल्या नाहीत. कोपऱ्यावरूनच बोट दाखवलं, "ते, हिरव्या पाटीचं," आणि भिंतीच्या आड झाल्या. मला वाटलं, पाय दुखले असतील.

दुकान चांगलं मोठं होतं. भिंतभर लोकरीचे गुंडे, काचेच्या बरण्यांत बटणं, आणि गल्ल्यामागे पन्नाशी उलटलेली एक बाई विणकाम करत बसलेली. समोर दोन फोन, एक चार्जरला लावलेला.

"कार्यालयाच्या बाई येऊन गेल्या होत्या का, मागच्या महिन्यात?"

"इथे? नाही. कोणीच आलं नाही." सुया थांबल्या नाहीत.

"नक्की? ठेंगण्याशा, चष्मा, काखेत लाकडी पाटी?"

"अहो, मी दिवसभर इथेच असते. आलं असतं तर पाणी दिलं नसतं का?"

माझ्या हातातला फॉर्म मला जड झाला. त्यावर काकूंच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं: फोन नाही. निरोप शेजारच्या फ्रेमवाल्याकडे येतात. आणि इथे गल्ल्यावर दोन फोन! शेजारी फ्रेमवालाही नव्हता, औषधांचं दुकान होतं. काय करावं ते सुचेना, म्हणून मी नियमाप्रमाणे पुढचं विचारलं. ताजा निरोप? सकाळीच, एका शाळेकडून, गणवेशाच्या बटणांसाठी. मग तिसरा प्रश्न, फॉर्मवर तो सातवा म्हणून छापलेला: धंद्यासाठी फोन पहिल्यांदा कशामुळे घेतला?

त्याची उत्तरं आधीच छापलेली असतात. गिऱ्हाइकांची मागणी, माल मागवण्यासाठी, जाहिरात, स्पर्धा, इतर. त्या बाईने सुया मांडीवर ठेवल्या.

"एक निरोप बुडाला म्हणून घेतला. पूर्वी शेजारी फ्रेमवाला होता, त्याच्याकडे आमचे फोन यायचे. आमचे दीर आजारी पडले, रेडिओचं काम करायचे ते. जाऊबाईंनी फ्रेमवाल्याकडे निरोप ठेवला, लगेच या म्हणून. त्याने आम्हाला सांगितलंच नाही. विसरला, की काय झालं, देव जाणे. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. ह्यांना भावाचं तोंडसुद्धा दिसलं नाही. आठवड्याच्या आत फोन आणला. उपयोग काय? जाऊबाई म्हणतात, निरोप मिळाला होता आणि आम्ही मुद्दाम आलो नाही. अकरा वर्षं झाली, तोंड बघत नाहीत." मग तिने सुया उचलल्या. "हे तुमच्या कागदात लिहायचं नसेल तर नका लिहू. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

मी बाहेर आले. चपला फटफट वाजत होत्या, त्यामुळे मी येतेय हे काकूंना आधीच कळलं.

"नाही म्हणाली ना?" त्यांनी विचारलं. "खरं बोलते ती. मी नव्हते गेले. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवं दार तिचं आलं. तीन दिवस या कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेले. चौथ्या दिवशी इथेच उभं राहून, मला माहीत होतं तेवढं लिहून टाकलं."

"काकू, मी 'सापडले नाही' अशी खूण करते. त्याने गठ्ठा रद्द होत नाही. कोणाला कळणारही नाही." हे शब्द माझ्याच तोंडून आले, सकाळी देवापुढे काय मागितलं होतं ते विसरून.

"वीस फुटी दुकान, हिरवी पाटी, आत बाई बसलेली. सापडलं नाही कसं? तिथे नव्हते ती मी."

मग मी त्यांना सातव्या प्रश्नाचं उत्तर सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, कारण त्यात माझं काही घालायची माझी हिंमत नव्हती. काकू भिंतीला टेकल्या. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांनी विचारलं, "दोन फोन आहेत?"

"दोन."

"आणि मी 'नाही' लिहिलं." चष्मा काढून पुसला. "फ्रेमवाला मला म्हणाला होता, सांगितलं मी त्यांना. मी त्याला दुसऱ्यांदा विचारलंच नाही. फॉर्म दिल्यावर कळलं, तो तीन वर्षांपूर्वीच वारला. आता कोणाला विचारू?"

"त्यांना विचारा ना. त्या आत आहेत."

"आज नाही जमायचं." मग माझ्या हातातला कागद त्यांनी खाली बघत सरळ केला, कोपरा दुमडला होता तो. "हा खोटा लिहा, ताई. माझ्या नावासमोर. साहेबांना मी सांगेन, तुम्हाला बोल लागणार नाही. गठ्ठा रद्द होईल, होऊ दे. पण त्या बावीस जणांनी काय केलंय? चावीवाला, शिक्केवाला, घड्याळवाले आजोबा, ते माझ्यामुळे मोजणीतून जायला नकोत. रस्ता तुम्हाला आता माहीत झालाय. चार दिवस रजा टाका हवं तर, पण तुम्ही परत जा आणि कोरे फॉर्म घेऊन तुमच्या सहीने भरा सगळे. पेनाला झाकण लावल्याशिवाय उठू नका." त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. "तिचाही भरा. पहिल्या प्रश्नापासून, एकही गाळू नका. आणि सातव्याला 'इतर' वर खूण करून सोडून देऊ नका. ती जे बोलली ते तिच्या शब्दांत लिहा."